न्यायमूर्ती, राजदूत आणि मधलं अंतर



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या सभागृहात जमतो, ते अण्णा जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले आणि पुढची सगळी वर्षं याच गावात राहिले. निवृत्तीनंतरची पहिली दोन वर्षं त्यांनी कोर्टाच्या आवारात पाऊल ठेवलं नाही, ही गोष्ट मात्र आता फार थोड्यांना आठवत असेल. मला आठवते, कारण तेव्हा मी त्यांच्या दारातून हात हलवत परत आलो होतो.

मी नुकती सनद घेतली होती. वाटणीच्या एका दाव्यात अडलो. सिनियर परगावी गेलेले, म्हणून संध्याकाळी कागदांचं बाड काखेत मारून अण्णांच्या ओसरीवर पोचलो. ते झोपाळ्यावर बसले होते. मी बाडाची दोरी सोडायला लागलो, तसा त्यांनी हात वर केला. म्हणाले, ‘‘अरे, हा दावा ज्यांच्यापुढे आहे, ते वर्षभरापूर्वी माझ्या हाताखाली होते. मी सांगितलेला मुद्दा तू उद्या तिथे मांडलास, तर त्यांना त्यात माझा आवाज ऐकू येईल. दोन वर्षं जाऊ देत. मग ये, रात्रभर बसू.’’ चहा पाजला आणि बाड जसं नेलं होतं तसं परत पाठवलं.

आज मला त्या दोन वर्षांबद्दलच बोलायचं आहे. पण आपल्या कोर्टापासून खूप लांबच्या एका नेमणुकीच्या निमित्ताने. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महमदअली करीम छागला यांना १९५८ साली भारत सरकारने अमेरिकेत राजदूत म्हणून पाठवलं. ती नेमणूक देशाच्या फार उपयोगी पडली, असं माझं मत आहे. आणि ती त्या वेळी, त्या घाईने व्हायला नको होती, असंही माझं मत आहे. ही दोन्ही मतं मी मनापासून बाळगतो आणि तीच आज तुमच्यासमोर ठेवणार आहे.

छागलांचा जन्म ३० सप्टेंबर १९०० चा, मुंबईतल्या खोजा व्यापारी घराण्यातला. घराण्याचं नाव मर्चंट. छागला हे लाडाचं नाव, कच्छीत त्याचा अर्थच लाडका असा आहे आणि तेच पुढे आडनाव म्हणून लागलं. सेंट झेवियर्स, मग ऑक्सफर्डचं लिंकन कॉलेज, इनर टेंपलची बॅरिस्टरी, आणि १९२२ मध्ये मुंबईला परत. परतल्यावर काही वर्षं ते जिनांच्या चेंबरमध्ये होते. १९२८ च्या नेहरू अहवालावरून दोघांची फारकत झाली ती कायमची. गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात त्यांनी घटनेचा कायदा शिकवला. १९४१ मध्ये न्यायमूर्ती झाले आणि १५ ऑगस्ट १९४७ ला मुख्य न्यायमूर्ती. पुढची अकरा वर्षं मुंबईच्या न्यायालयावर त्यांची छाप होती. युक्तिवाद संपले की बहुधा तिथल्या तिथे, भर कोर्टात, लघुलेखकाला निकाल सांगायचा ही त्यांची रीत. व्यक्तिगत कायद्यांना मूलभूत हक्कांची कसोटी लावता येते का, या प्रश्नावर त्यांनी आणि गजेंद्रगडकरांनी १९५१ साली नरसू आप्पा माळी खटल्यात दिलेला निकाल आजही प्रत्येक वादात काढला जातो, कुणी त्याच्या बाजूने, कुणी विरुद्ध.

मला मात्र त्यांच्या निकालांपेक्षा एका पाटीबद्दल सांगायचं आहे.

मुंबई उच्च न्यायालयात मध्यवर्ती कोर्ट आहे, ४६ नंबरची खोली. याच खोलीत २२ जुलै १९०८ च्या रात्री लोकमान्य टिळकांना सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ज्यूरीने दोषी ठरवल्यावर टिळक जे चार शब्द बोलले, ते त्या खोलीबाहेर दगडात कोरले आहेत. ती पाटी १९५६ मध्ये, टिळकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, मुख्य न्यायमूर्ती छागलांच्या हातून लागली. न्यायालयाने स्वतःच्याच एका निकालाबद्दल स्वतःच्याच भिंतीवर घेतलेलं ते प्रायश्चित्त होतं, आणि छागलांनी ते त्याच भावनेने केलं. मी त्या कोर्टात पहिल्यांदा गेलो तेव्हा कुणीतरी मला आधी तिथे नेऊन उभं केलं होतं. तेव्हापासून मीही माझ्या प्रत्येक ज्युनियरला आधी तिथेच नेतो.

आता त्या खटल्यातले न्यायमूर्ती कोण? दिनशा दावर. १८९७ च्या पहिल्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी जे बॅरिस्टर उभे राहिले होते, तेच हे दावर. अकरा वर्षांनी ते आसनावर होते आणि जिनांनी मागितलेला टिळकांचा जामीन त्यांनी नाकारला. दावरांना पुढे ‘सर’ ही पदवी मिळाली. तेव्हा बारमधल्या मंडळींनी त्यांना मेजवानी द्यायचं ठरवून वर्गणीचं पत्रक फिरवलं, आणि जिनांनी त्यावर वर्गणी तर दिली नाहीच, उलट सरकारच्या मनासारखं केल्याबद्दल पदवी मिळवणाऱ्या न्यायाधीशाला मेजवानी देण्याची लाज वाटायला हवी, अशा अर्थाचा शेरा मारला. ही हकिगत आपल्याला कुणाकडून कळते? खुद्द छागलांकडून. १९७३ साली आलेल्या ‘रोझेस इन डिसेंबर’ या आत्मचरित्रात ती आहे.

दावरांनी ती शिक्षा पदवीसाठी ठोठावली का? हे कुणीही सिद्ध करू शकणार नाही. कदाचित त्यांना जे कायद्याने योग्य वाटलं तेच त्यांनी केलं असेल. पण पदवी आली आणि निकालाला चिकटली. शंभराहून अधिक वर्षं झाली, ती काही सुटत नाही. न्यायाधीशाला मिळालेलं बक्षीस मागे जाऊन त्याच्या जुन्या निकालांना डाग लावतं, ही गोष्ट छागलांइतकी जवळून क्वचितच कुणाला माहीत असेल. म्हणून मला त्यांच्या निर्णयाचं अधिक वाईट वाटतं.

पण त्यांची बाजूही पुरती ऐकायला हवी. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निकाल देणं आपल्याला शोभणार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे त्यांना कुठल्याही अर्थाने सरकारची मर्जी राखल्याचं बक्षीस मिळालं नव्हतं. १९५७ अखेर फिरोज गांधींनी लोकसभेत मुंदडा प्रकरण काढलं. विमा कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण होऊन वर्ष-दीड वर्षच झालेलं, आणि आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले होते. चौकशीसाठी सरकारने छागलांचा एकसदस्य आयोग नेमला. छागलांनी चौकशी उघड्यावर, जनतेसमोर केली. गर्दी आवरेना म्हणून बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. काही आठवड्यांत काम संपवून फेब्रुवारी १९५८ मध्ये त्यांनी अहवाल दिला. आयोगाला साहाय्य करायला ॲटर्नी जनरल म्हणून मोतीलाल सेटलवाड होते. हे नाव लक्षात ठेवा. अहवालात मंत्र्यावर घटनात्मक जबाबदारी टाकली होती, आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारींना जावं लागलं. नेहरूंच्या मंत्रिमंडळातला एक भरवशाचा माणूस ज्यांच्या अहवालाने गेला, त्यांनाच नेहरूंनी त्याच वर्षी वॉशिंग्टनला पाठवलं. यात नेहरूंचाही मोठेपणा आहे, तो मी नाकारत नाही.

दुसरं म्हणजे, राजकारणाशी आणि परराष्ट्र व्यवहाराशी छागलांचा संबंध १९५८ मध्ये अचानक आला नव्हता. १९४६ साली विजयालक्ष्मी पंडितांच्या नेतृत्वाखाली भारताचं शिष्टमंडळ संयुक्त राष्ट्रांत गेलं, दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न घेऊन. समोर जनरल स्मट्स. त्या शिष्टमंडळात छागला होते, आणि ते तेव्हा उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. ८ डिसेंबर १९४६ ला भारताचा ठराव दोन तृतीयांश मतांनी संमत झाला. दहा वर्षांनी, ऑक्टोबर ते डिसेंबर १९५६ या काळात, ते मुंबई राज्याचे कार्यवाहक राज्यपाल होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे ते दिवस. १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आलं आणि यशवंतरावांनी सूत्रं घेतली, तेव्हा राजभवनात छागलाच होते.

म्हणजे न्यायमूर्तीने मधूनमधून सरकारचं काम करायचं, याची सवय त्यांनाही होती आणि सरकारलाही. आपल्या पिढीला हे खटकतं. त्या पिढीला वाटत होतं, देश नवा आहे, माणसं थोडी आहेत, ज्याला जे येतं ते त्याने केलं पाहिजे. त्या वाटण्यात काही खोटं नव्हतं.

आणि वॉशिंग्टनमध्ये काम कसलं होतं, तेही पाहा. छागलांच्या आधी तिथे गगनविहारी मेहता होते. १९५५ मध्ये ह्यूस्टनच्या विमानतळावरच्या उपाहारगृहात या भारताच्या राजदूताला, कातडीच्या रंगावरून, गोऱ्यांच्या खोलीतून उठवून बाजूला बसवण्यात आलं होतं. परराष्ट्रमंत्री डलेस यांना माफी मागावी लागली. तो देश असा होता. शिवाय शीतयुद्ध ऐन भरात आलेलं. जो आमच्याबरोबर नाही तो रशियाबरोबर, असं मानणारे लोक सत्तेत होते. इकडे आपली परकीय चलनाची गंगाजळी आटलेली आणि धान्य बाहेरून आणावं लागत होतं. अशा ठिकाणी अलिप्ततेची बाजू मांडायची, तीही मदत मागताना मान खाली न घालता. हे वकिलाचं काम आहे. छागला विद्यापीठांत, क्लबांत, वकिलांच्या मंडळांत गावोगाव फिरून बोलत राहिले. धर्माने मुसलमान असलेला भारताचा राजदूत बोलायला उभा राहिला, की भारत फक्त हिंदूंचा देश आहे हा पाकिस्तानचा प्रचार निम्मा तिथेच विरत असे. डिसेंबर १९५९ मध्ये आयझेनहॉवर भारतात आले. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष पदावर असताना भारतात येण्याची ती पहिली वेळ. ४ मे १९६० ला आपले अन्नमंत्री स. का. पाटील वॉशिंग्टनला गेले आणि पी.एल. ४८० या अमेरिकन कायद्याखाली एक कोटी सत्तर लाख टन धान्याचा करार झाला, त्यावर खुद्द राष्ट्राध्यक्षांनी सही केली. हे एकट्या छागलांचं श्रेय नाही. पण दूतावास त्यांच्या हाती होता.

आता ज्या प्रसंगापाशी मी सगळ्यात जास्त अडखळतो, तो सांगतो.

जुलै १९५४ मध्ये स्वयंसेवकांनी दादरा मुक्त केलं आणि २ ऑगस्टला नगर हवेली. त्या मोहिमेत आझाद गोमंतक दलाची मंडळी होती, राजा वाकणकर होते, आणि गाण्यांमुळे ज्यांना घराघरात ओळखतात ते सुधीर फडकेही होते. पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला. दमणहून दादरा-नगर हवेलीला जायला भारताच्या हद्दीतून वाट द्या, सैन्यासह, असा तो दावा. त्या न्यायालयाचा नियम असा की, ज्या देशाचा न्यायाधीश पीठावर नसेल त्याला त्या खटल्यापुरता एक तदर्थ न्यायाधीश नेमता येतो. पोर्तुगालने आपला नेमला, भारताने छागलांना नेमलं. १९५७ ला प्राथमिक हरकतींचा निकाल झाला, तेव्हा ते मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती होते. १९५९ च्या सप्टेंबरात मुख्य सुनावणी सुरू झाली, तेव्हा ते अमेरिकेतले भारताचे राजदूत होते. आणि भारताच्या वतीने युक्तिवादाला कोण उभे? सेटलवाड.

क्षणभर ते कोर्ट डोळ्यांपुढे आणा. पीठावर बसलेला माणूस निःपक्षपातीपणे न्याय करीन अशी गंभीर प्रतिज्ञा करून बसला आहे. तोच माणूस सुनावणी आटोपून विमानाने वॉशिंग्टनला जाईल आणि तिथे, पगार घेऊन, राष्ट्रपतींच्या सहीचं पत्र दाखवून, भारताची एकच बाजू मांडेल. दोन्ही कामं तो प्रामाणिकपणे करेल. पण समोरच्या पोर्तुगीज वकिलाला काय वाटत असेल? १२ एप्रिल १९६० ला निकाल आला. साध्या माणसांना, मुलकी अधिकाऱ्यांना आणि मालाला वाटेचा हक्क होता, हे अकरा विरुद्ध चार मतांनी ठरलं. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रांना तो हक्क नव्हता, हे आठ विरुद्ध सात मतांनी. आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी. आपण जिंकलो. छागलांनी आणि पोर्तुगालच्या तदर्थ न्यायाधीशाने आपापली भिन्न मतपत्रं जोडली. सैन्याच्या मुद्द्यावर फरक एका मताचा होता, हे मी वाचतो तेव्हा अजून माझ्या पोटात कालवाकालव होते. तो न्याय्य विजय होता यात मला शंका नाही. त्या पीठावर आपला राजदूत नसता, तर तो विजय आणखी स्वच्छ झाला असता.

सेटलवाडांना हे दुसऱ्या बाजूने बोचलं होतं. स्वतंत्र भारताचा पहिला विधी आयोग त्यांच्या अध्यक्षतेखाली १९५५ मध्ये नेमला गेला, छागला त्याचे सदस्य. आयोगाचा चौदावा अहवाल न्यायव्यवस्थेच्या सुधारणेबद्दलचा. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी निवृत्तीनंतर सरकारची नोकरी पत्करू नये, ही शिफारस त्यात आहे. सप्टेंबर १९५८ च्या अखेरीस तो सादर झाला. ऑक्टोबर संपण्याआधी छागला मुख्य न्यायमूर्तिपद सोडून मोकळे झाले होते, वॉशिंग्टनला जाण्यासाठी. तेव्हा उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचं निवृत्तीचं वय साठ होतं, म्हणजे त्यांची दोन वर्षं बाकी होती. सेटलवाडांनी आत्मचरित्रात याबद्दल त्यांना जे सुनावलं आहे, ते मित्राने मित्राला सुनावल्यासारखं नाही. अतिशय कडक आहे. शिफारशीचा शब्द पाहिला तर ती सर्वोच्च न्यायालयाबद्दलची, छागला उच्च न्यायालयातले, असा बचाव कुणी करू शकेल. मी तो करणार नाही. ज्या तत्त्वाखाली सही करायची, ते तत्त्व आपल्या दारी आल्यावर शब्दांच्या फटीतून निसटायचं नसतं.

कायदा काय म्हणतो? राज्यघटना नियंत्रक व महालेखापरीक्षकाला निवृत्तीनंतर सरकारी पद घेऊ देत नाही. लोकसेवा आयोगाच्या अध्यक्षांवरही बंधन आहे. न्यायमूर्तींवर मात्र फक्त वकिलीचं बंधन आहे, पदाचं नाही. ही नजरचूक नाही. घटना समितीत प्रा. के. टी. शहांनी तशी दुरुस्ती सुचवली होती आणि डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. बाबासाहेबांचं कारण विचार करण्यासारखं आहे. न्यायालयापुढे येणारे बहुतेक वाद नागरिकानागरिकांतले असतात, सरकारचा त्यांत हितसंबंध क्वचित आणि दूरचा, म्हणून पदाच्या आशेने निकाल वाकण्याचा संभव कमी, असा त्यांचा विचार होता.

१९४९ मध्ये तो विचार खरा होता. जमिनीचे, वाटणीचे, वारसाचे, देण्याघेण्याचे दावे. आज ज्यांचं आयुष्य कोर्टात गेलं त्या माझ्यासारख्यांना विचारा, समोर कोण असतं? सरकार. भूसंपादन, कर, नोकऱ्या, परवाने, निवडणूक, जामीन. प्रत्येक बोर्डावर सरकार आहे. बाबासाहेबांनी ज्या जगाकडे पाहून उत्तर दिलं ते जग बदललं. त्यांचं उत्तर तसंच धरून ठेवणं हा त्यांच्या विचाराचा मान नव्हे.

हे मला कुणा ग्रंथाने शिकवलं नाही. धरणात जमीन गेलेल्या माझ्या एका पक्षकाराने शिकवलं. त्याची साडेचार एकर बागायत गेली होती. भूसंपादन कायद्याच्या कलम १८ च्या संदर्भात आपल्या जिल्हा न्यायालयाने मोबदला वाढवून दिला, सरकार उच्च न्यायालयात अपिलात गेलं आणि तिथे तो वाढवलेला मोबदला बराच कापला गेला. निकाल कायद्याला धरून होता, हे मी तुम्हाला शपथेवर सांगतो. आमचं ज्या खरेदीखतावर सगळं उभं होतं, ते कलम ४ च्या अधिसूचनेनंतरचं निघालं होतं. ते पुराव्यात टिकणार नाही हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पाच महिन्यांनी ते न्यायमूर्ती निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात सरकारने त्यांना एका पदावर नेमल्याची बातमी आली.

आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी तो माणूस माझ्या ऑफिसात आला. पिशवीत सातबाराचे जुने उतारे होते. आता त्या उताऱ्यांचा काही उपयोग नव्हता, तरी तो ते बरोबर घेऊनच फिरायचा. वर्तमानपत्राचं ते पान त्याने घडी करून आणलं होतं. टेबलावर ठेवलं आणि विचारलं, ‘‘वकीलसाहेब, हे आधीच ठरलं होतं का?’’

मी त्याला खरेदीखत, अधिसूचना, तारखा, सगळं समजावलं. त्याने मान हलवली. पण मी पाहत होतो, त्याचे डोळे त्या पानावरच होते. त्या न्यायमूर्तींबद्दल माझ्या मनात किंतु नव्हता, आजही नाही. पण जे पान त्याने पाहिलं ते मला त्याच्या डोळ्यांसमोरून काढता आलं नाही. माझ्या शब्दावर त्याचा विश्वास होता. न्यायालयावरचा मात्र त्या दिवशी त्याचा उडाला.

या सगळ्यावर एक आक्षेप येतो तो रास्त आहे. न्यायाधीशाची शिस्त दूतावासाला हवी असते, ती आपण का गमवायची? याचं उत्तम उदाहरण छागलांपेक्षाही आपल्याकडे आलेल्या एका अमेरिकन माणसाचं आहे. केनेथ कीटिंग. न्यूयॉर्कचे सिनेटर होते, मग तिथल्या कोर्ट ऑफ अपील्सचे न्यायाधीश. न्यायाधीशपद सोडून १९६९ मध्ये ते दिल्लीला राजदूत म्हणून आले. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात जे घडत होतं त्याचे पुरावे समोर आल्यावर या माणसाने स्वतःच्याच सरकारला खडसावून सांगितलं की, हा वंशसंहार आहे. निक्सन आणि किसिंजर यांच्यासमोर, त्यांच्या कार्यालयात बसून सांगितलं. पुरावा मालकाविरुद्ध जात असला तरी तो पटलावर ठेवायचा, ही सवय न्यायासनाचीच. असे राजदूत कुठल्याही देशाला भाग्याने मिळतात.

पण कीटिंगना येण्याआधी सिनेटपुढे जावं लागलं होतं. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष राजदूताचं फक्त नाव सुचवतो, संमती सिनेट देते, आणि त्याआधी उमेदवाराला सभासदांच्या प्रश्नांना जाहीर उत्तरं द्यावी लागतात. आपल्याकडे सरकार ठरवतं, ज्या देशात पाठवायचं त्याची संमती गुपचूप विचारली जाते, आणि राष्ट्रपतींच्या सहीचं पत्र घेऊन माणूस विमानात बसतो. संसदेला कुणी विचारत नाही. न्यायमूर्तीच्या बाबतीत तरी विचारायला हवं. तुम्ही सरकारविरुद्धचे कुठले खटले ऐकलेत, हे पद तुम्हाला कुणी, केव्हा सुचवलं, तेव्हा तुमच्यापुढे काय प्रलंबित होतं, एवढे तीन प्रश्न चारचौघांत विचारले गेले असते, तर माझ्या पक्षकाराला वर्तमानपत्राच्या घडीव्यतिरिक्त आणखी काही वाचायला मिळालं असतं.

वकिलांना पाठवायला माझी हरकत नाही. १९७७ ला नानी पालखीवाला अमेरिकेत राजदूत होऊन गेले. ते कधीच न्यायमूर्ती नव्हते, त्यांच्या पूर्वायुष्यातला एकही शब्द निकाल नव्हता. लवादांवर निवृत्त न्यायमूर्ती नेमणं हा वेगळा प्रश्न आहे, ते काम न्यायाचंच असतं. माझा मुद्दा राज्यपालपदाचा, राज्यसभेचा, दूतावासाचा आहे. १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे फाजल अली ओरिसाचे राज्यपाल झाले. २०१४ मध्ये माजी सरन्यायाधीश सदाशिवम केरळला राज्यपाल म्हणून गेले. २०२० मध्ये निवृत्तीनंतर चार महिन्यांत रंजन गोगोई राज्यसभेवर नेमले गेले. अशा नेमणुकीवर वाद झाला, की तो माणसाच्या चारित्र्यावर घसरतो. चारित्र्यावर बोलण्याची गरजच नाही. मधलं अंतर मोजा. सरन्यायाधीश लोढांनी २०१४ मध्ये निवृत्त होताना दोन वर्षांचं अंतर सुचवलं होतं. आणि २०२५ मध्ये आपल्या अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीशपदावर असताना, निवृत्तीनंतर सरकारचं कुठलंही पद घेणार नाही असं जाहीरपणे म्हणाले. ते ऐकलं त्या दिवशी मला माझ्या त्या पक्षकाराची आठवण झाली.

दोन वर्षांच्या अंतराची किंमत मला ठाऊक आहे. असा नियम १९५८ मध्ये असता, तर छागला १९६० पर्यंत वॉशिंग्टनला जाऊ शकले नसते. कदाचित दुसरा कुणी गेला असता, कदाचित तो इतका चांगला बोलला नसता. १९६४ मध्ये शिक्षणमंत्री असताना छागलांनी सुरक्षा परिषदेत भुत्तोंसमोर काश्मीरची बाजू मांडली, त्यामागे वॉशिंग्टनमधली ती वर्षं होती. हे सगळं मी तागडीत टाकतो. तरी काटा दुसरीकडेच झुकतो. दूत वर्षा-दोन वर्षांनी बदलता येतो. गावच्या माणसाचा न्यायालयावरचा भरवसा एकदा गेला, तर तो परत आणायला एक पिढी पुरत नाही.

छागलांबद्दल एवढं सांगून हा विषय संपवू द्या. १९६७ मध्ये, विद्यापीठांतल्या शिक्षणाच्या भाषेच्या प्रश्नावरून, त्यांनी परराष्ट्रमंत्रिपद सोडलं आणि पुन्हा वकिलीत आले. आणीबाणी लागली, तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. ऑक्टोबर १९७५ मध्ये अहमदाबादला नागरी स्वातंत्र्याच्या परिषदेत ते उभे राहिले आणि भल्याभल्यांनी गिळलेले शब्द त्यांनी उघड उच्चारले. तेव्हा त्यांच्यापुढे कुठलं पद नव्हतं, कुणी काही द्यायचं उरलं नव्हतं. ‘भूमिपुत्र’ने ते भाषण छापलं म्हणून त्या पत्रावर कारवाई झाली आणि प्रकरण गुजरात उच्च न्यायालयात गेलं. माझ्या मनातले छागला ते आहेत, त्या व्यासपीठावरचे, आणि ४६ नंबरच्या खोलीबाहेर पाटीवरचं आवरण दूर करणारे.

अण्णांची दोन वर्षं पुरी झाली, त्याच आठवड्यात मी पुन्हा त्यांच्या ओसरीवर गेलो. वाटणीचा तो दावा तोवर निकालात निघाला होता, माझ्याविरुद्ध. हातात दुसरंच बाड होतं. अण्णांनी चष्मा धोतराच्या सोग्याने पुसला, झोपाळा पायाने थांबवला आणि म्हणाले, ‘‘हं, सोड दोरी. अर्जापासून वाच.’’